थेंबे थेंबे दाब साचे

डोळा लाल होणे ही वैद्यकाच्या दृष्टीने एक साधी तक्रार असली, तरी जळगाव-धुळे पट्ट्यातील भरल्या घरात तो सभेपुढे आलेला प्रस्ताव ठरतो; घरातील प्रत्येक सदस्य त्यावर बोलतो, आत्या गुलाबपाण्याची उपसूचना मांडते, आजी तुपाचा आग्रह धरते, दोन्ही सूचना तरुण पिढी हसण्यावारी नेते, आणि अखेरीस 'फ्रिजवर तो ड्रॉप आहे, तोच टाक' या शब्दांत ठराव एकमताने मंजूर होतो. 'तो ड्रॉप' म्हणजे नेमका कोणता, तो मुळात कोणासाठी आणला होता, केव्हा उघडला होता आणि त्याच्या पोटात काय आहे, हे प्रश्न कोणी विचारलेच तर त्याला कामात खोडा घालणारा समजले जाते. थेंब पडतो, दुसऱ्या दिवशी लाली ओसरते, आणि त्या बाटलीची कीर्ती निदान एका पिढीपुरती कायम होते.

या कीर्तीचे मानकरी बहुतेक वेळा स्टिरॉइड वर्गातील एखादे औषध असते. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक, म्हणजे रक्तातून फिरून दूरच्या अवयवांना कामाला लावणारे रसायन, स्रवत असते, आणि डोळ्यांच्या थेंबांतील प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल ही त्याच घराण्यातील, प्रयोगशाळेत घडवलेली भावंडे आहेत. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका रुग्णेवर याच घराण्यातील कॉर्टिसोनचा प्रयोग केला, ती काही दिवसांत चालू-फिरू लागली, आणि १९५० मध्ये हेंच, केंडॉल व राइशस्टाइन यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. या प्रयोगापासून सत्कारापर्यंत अवघी दोन वर्षे गेली, यावरून या औषधाचा स्वभाव किती उतावळा आहे आणि त्याचे चाहते त्याहून किती उतावळे असतात याची कल्पना यावी. त्याचे दुष्परिणाम सत्कार आटोपल्यावर सावकाश येत राहिले.

हे औषध करते ते असे. शरीरात जंतू, धूळ, शस्त्रक्रियेची जखम किंवा नुसता गैरसमज यांपैकी काहीही शिरले, की रक्तवाहिन्या फुगतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, सूज, लाली आणि वेदना होतात. या साऱ्या धावपळीला दाह म्हणतात, आणि स्टिरॉइड ही धावपळ थांबवते. धावपळीचे कारण मात्र ते हटवत नाही. केळीच्या मळ्यातील राखणदाराला गुंगीचे औषध दिले तर रात्र अतिशय शांत जाते, पण त्यावरून मळ्यात चोर नव्हते असे सिद्ध होत नाही. लाल डोळा पांढरा झाला म्हणजे आजार गेला असे मानणाऱ्या घरात रोज रात्री याच प्रकारची शांतता नांदत असते.

स्टिरॉइड या शब्दाला खान्देशात भीती नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. डॉक्टरांनी दम्यासाठी किंवा अंगावरच्या पुरळासाठी स्टिरॉइडची गोळी लिहिली, तर चिठ्ठीचा फोटो पुण्यातल्या भाच्याला, सुरतच्या उधन्यात स्थायिक झालेल्या मेहुण्याला आणि औषधांच्या कंपनीत कधीकाळी नोकरी केलेल्या शेजाऱ्याला जातो, आणि तिन्हीकडून 'हाडं ठिसूळ होतात, घेऊ नका' असा निर्वाळा येईपर्यंत गोळी पाकिटातून बाहेर निघत नाही. तेच द्रव्य पाच मिलिलिटरच्या इवल्या बाटलीत आले, की त्याचे स्टिरॉइडपण विरघळते, कारण 'ते काय पोटात जातंय थोडंच!' वस्तुतः पापणीच्या आतल्या कोपऱ्यात एक सूक्ष्म छिद्र असते, तेथून अश्रू नाकात आणि नाकातून घशात उतरतात, आणि थेंब घातल्यावर घशाला जो कडवटपणा येतो तो याच वाटेने आलेला असतो. 'थेंब डोळ्यात टाकला, कडू तोंडात कसं लागलं?' असे विचारणाऱ्या आजोबांना नातवाने ही वाट चित्र काढून दाखवली, तर आजोबा चित्राचे कौतुक करतात आणि निष्कर्ष असा काढतात की औषध फार जोरदार आहे.

लेबल वाचावे, असे सर्व सुज्ञ लोक सांगतात. पाच मिलिलिटरच्या बाटलीवरील अक्षरे मात्र अशा आकाराची असतात, की ती वाचण्यासाठी निरोगी डोळे लागतात, आणि निरोगी डोळ्यांच्या माणसाला ती बाटली लागत नाही. चष्मा लावून, तो काढून, बाटली हातभर लांब धरून आणि पुन्हा नाकाशी आणून पाहणाऱ्यांच्या रांगेत प्रस्तुत लेखकाचे स्थान बरेच पुढचे आहे. तरीही जे वाचतात ते पहिलाच शब्द वाचून थांबतात. मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि डेक्सामेथासोन, किंवा टोब्रामायसिन आणि डेक्सामेथासोन, अशी जोडनावे असलेल्या बाटल्यांत पहिले नाव प्रतिजैविकाचे, म्हणजे जिवाणू मारणाऱ्या औषधाचे असते. त्यामुळे घरात ती 'अँटिबायोटिकची बाटली' म्हणून ओळखली जाते, आणि दुसरे नाव सोयरिकीत मुलाचा दुसरा व्यवसाय झाकावा तसे झाकलेलेच राहते. नावाच्या शेवटी 'सोन' किंवा 'लोन' आले की सावध व्हावे, हा ठोकताळा बऱ्याच अंशी खरा असला, तरी सराफ बाजारासाठी नावाजलेल्या जळगावात या दोन्ही शब्दांनी कोणी सावध होण्याची शक्यता कमी. शिवाय लोटेप्रेडनॉल आणि डायफ्लुप्रेडनेट या ठोकताळ्यातून निसटतातच.

कायद्याने आपल्या परीने पुष्कळ केले आहे. औषध नियम, १९४५ यांतील शेड्यूल एच ही, नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांची यादी आहे, आणि त्या यादीखालच्या टिपेत त्वचेवर लावायच्या औषधांना सूट देताना डोळ्यांच्या, कानांच्या आणि नाकाच्या औषधांना मुद्दाम सवलतीबाहेर ठेवले होते. म्हणजे नियम लिहिणाऱ्या माणसाला देशातील फ्रिजवरच्या बाटल्यांचा पुरेसा अंदाज होता. प्रत्यक्षात जळगावच्या नवी पेठेतल्या किंवा धुळ्याच्या देवपुरातल्या एखाद्या मेडिकलवर जो संवाद घडतो, तो त्या टिपेच्या फार वरून निघून जातो.

'भाऊ, डोया उनात. तो मागला ड्रॉप दे.'

'चिठ्ठी?'

'चिठ्ठी घरच ऱ्हायनी.'

'नाव काय ड्रॉपचं?'

'नाव नही माहीत. पांढरी बाटली, गुलाबी टोपण.'

औषधनिर्माणशास्त्राची चार वर्षांची पदवी घेतलेला माणूस या वर्णनावरून जगातील निम्मी बाटलीबंद औषधे डोळ्यांपुढे आणतो. बाटली द्यावी तर नियम मोडतो, न द्यावी तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाऊन तेच वर्णन ऐकवणार हे त्याला ठाऊक असते. जे गिऱ्हाईक चिठ्ठी आणते तेही त्याची सुटका करत नाही, कारण ती चिठ्ठी कित्येकदा मागच्या सरकारच्या काळातली असते, घडीवर फाटू नये म्हणून लॅमिनेट केलेली असते, आणि डॉक्टरांनी 'सात दिवस' असे लिहिलेला कोपरा लॅमिनेशनच्या बुडबुड्याखाली नेमका गेलेला असतो. एकदा मिळालेली चिठ्ठी हा सातबारासारखा वारसाहक्काने चालणारा दस्तऐवज आहे, अशी एक भावना या भागात आहे.

२०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यभर डोळे येण्याची साथ पसरली, तेव्हा या भावनेला पूर आला. आळंदीच्या परिसरातून बातम्या सुरू झाल्या, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात रुग्णांची संख्या सर्वांवर ताण करून गेली आणि जळगाव जिल्हाही वरच्या रांगेत बसला. त्यातच त्या वर्षी अधिक श्रावण आल्याने साथीला निमित्तांची ददात राहिली नाही. काळ्या गॉगलची विक्री वाढली, आणि ज्यांनी लग्नातही गॉगल घातला नव्हता असे गृहस्थ बाजार समितीत भाव पाडून मागताना तो घालून उभे राहिले. साथ नजरेतून पसरते, हा समज इतका दृढ होता की लोक रुग्णाकडे बघणे टाळत आणि त्याच्याच टॉवेलला हात पुसत. डोळे येणे म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील आणि पापण्यांच्या आतील पातळ अस्तराचा दाह. तो साथीत बहुधा विषाणूमुळे होतो, हाताने, रुमालाने आणि उशीच्या अभ्र्याने पसरतो, आणि स्वच्छता पाळून थंड पाण्याच्या घड्या ठेवल्या तर आठ-पंधरा दिवसांत आपसूक आवरतो. आपसूक आवरणाऱ्या आजाराइतका औषधाच्या कीर्तीला पोषक आजार दुसरा नसतो. ज्याने जे घातले त्याचा त्याला गुण आला; एका घरात मध, एका घरात गोमूत्र, आणि उरलेल्या सर्व घरांत 'तो ड्रॉप'.

स्टिरॉइड घातल्याने लाली लवकर जाते, पण विषाणू मात्र डोळ्यात अधिक काळ मुक्काम करू शकतो, आणि पांढऱ्या डोळ्याचा माणूस आपण बरे झालो या समजुतीने नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईच्या उत्सवातील रोटांना भाऊबंदांत जाऊन बसतो. हे झाले सौम्य प्रकरण. लाली नागीण-कुळातील हर्पिस विषाणूची असेल, तर राखणदार झोपल्याबरोबर तो बुबुळावरच्या पारदर्शक पटलात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या काचेत, फांद्या फुटाव्यात तशी जखम वाढवत नेतो, आणि वरून दिसणारी लाली दोन्ही प्रकारांत इतकी सारखी असते की डॉक्टरही डोळ्यात रंगाचा थेंब घालून, निळ्या प्रकाशात, यंत्रातून पाहिल्यावाचून बोलत नाहीत. घरातील सभेला हे यंत्र लागत नाही.

शेतीच्या हंगामात याहून कठीण प्रसंग येतात. ज्वारीच्या मळणीत उडालेले कुसळ, मक्याच्या पात्याचा फटकारा किंवा पऱ्हाटी उपटताना डोळ्यात गेलेले टोक यांनी पारदर्शक पटलावर ओरखडा उठतो, आणि वनस्पतीच्या त्या तुकड्याबरोबर बुरशीचे बीजही आत जाऊ शकते. बुरशीची जखम सावकाश पिकते. पहिल्या दिवशी नुसते खुपते, तिसऱ्या दिवशी पाणी येते, आणि तोवर माणूस गावातल्या कोणाकडून तरी मिळालेला थेंब घालून पुन्हा शेतात उभा असतो. थेंबाने त्याला खरोखरच बरे वाटते. बुरशीलाही बरे वाटते. पुढे बुबुळावर पांढरा डाग उमटतो, गावात 'डोळ्यात फूल पडलं' असे म्हणतात, आणि दोष कुसळाला दिला जातो. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि आपल्या डोळ्यातले मुसळ या म्हणीत मधल्या थेंबाचा उल्लेख नाही, एवढीच तिची त्रुटी. काडी-पात्याने दुखावलेल्या डोळ्याला स्टिरॉइड आपल्या मनाने लावू नये, हा एक नियम पाळला तरी धुळ्याच्या आणि जळगावच्या सरकारी रुग्णालयांतील बऱ्याच रांगा छोट्या होतील.

मुलांच्या बाबतीत हा विनोद फारसा विनोद राहत नाही. कोरड्या, उष्ण हवेच्या प्रदेशात पाच ते पंधरा वयाच्या मुलांना, त्यातही मुलग्यांना, एक हट्टी ॲलर्जी होते. डोळ्यांना असह्य खाज सुटते, चिकट दोरीसारखा स्राव येतो, पापणीच्या आत फरशीच्या दगडांसारखे उंचवटे उठतात, आणि उन्हाळा आला की सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या आणि वावटळीत अख्खे शिवार डोळ्यांत घेणाऱ्या खान्देशात हा आजार नवा नाही. डॉक्टर खाज दाबणारे, स्टिरॉइड नसलेले थेंब दीर्घकाळासाठी आणि स्टिरॉइडचा थेंब मोजक्या दिवसांसाठी लिहून देतात; घरात अनुभवाने असे सिद्ध होते की पहिल्याने हळूहळू आणि दुसऱ्याने लगेच बरे वाटते, म्हणून पहिला संपल्यावर आणला जात नाही आणि दुसरा संपण्याआधीच आणला जातो. मूल रडत नाही, शाळा बुडत नाही, शिक्षिकेची तक्रार येत नाही. दोन उन्हाळ्यांनंतर त्याला फळ्यावरची कडेची अक्षरे दिसेनाशी होतात, तेव्हा 'मोबाइल फार बघतो' हे निदान घरातच तयार असते.

येथे दाबाचा विषय येतो. डोळ्याच्या आत एक स्वच्छ पाणी सतत तयार होते आणि एका चाळणीसारख्या पेशीजालातून बाहेर पडते. या ये-जेतून डोळ्यात जो दाब राहतो तो सामान्यतः १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. स्टिरॉइड त्या चाळणीची छिद्रे आखडून टाकते, पाणी तुंबते, दाब चढतो, आणि चढलेला दाब दृष्टीच्या मज्जातंतूला कडेकडेने मारत जातो. त्यालाच काचबिंदू म्हणतात. १९६० च्या दशकात झालेल्या अभ्यासांतून असे दिसले, की काही आठवडे सलग थेंब घातल्यास साधारण तिघांतील एकाचा दाब कमी-अधिक वाढतो आणि शंभरातील चार ते सहा जणांचा तो फारच वर जातो. मुलांत तो मोठ्यांपेक्षा लवकर आणि जास्त चढू शकतो. थेंब वेळीच थांबवले तर दाब बहुधा काही आठवड्यांत उतरतो, मेलेला तंतू मात्र परत येत नाही. दीर्घ वापराने भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदूही धरतो, पण त्याची निदान शस्त्रक्रिया होऊ शकते. या काचबिंदूची खोड अशी की तो दुखत नाही, आणि जे दुखत नाही ते तपासण्यासाठी एस.टी.चे भाडे खर्च करायला साक्री तालुक्यातला माणूस तयार होत नाही.

'आबा, डोळ्याचं प्रेशर तपासायला जायचं आहे.'

'प्रेशर कालदिन तपासं. एकशेतीसवर ऐंशी. डॉक्टर म्हणे, एकदम तरुण माणूस.'

'ते बीपी झालं. हे डोळ्याचं.'

'डोयाले बी बीपी ऱ्हास का?'

'राहतं.'

'माले बठ्ठं दिखस. मंग काय तपासानं?'

या शेवटच्या प्रश्नाला नेत्रवैद्यकात उत्तर आहे, पण वादविवादात नाही. आबांना समोरचे सगळे दिसते हे खरेच असते; कडेचे दिसत नाही हे त्यांना दिसत नाही. चहाचा पेला बशीबाहेर ठेवला जातो, उंबरठ्याला अंगठा ठेचतो, बाजूने आलेली दुचाकी 'एकदम कुठून आली' ते कळत नाही, आणि या सगळ्याचा दोष अनुक्रमे सुनेला, गवंड्याला आणि हल्लीच्या पोरांना दिला जातो. अखेर मुलगी माहेरपणाला आल्यावर आबांना गाडीत घालून नेते, यंत्रातून डोळ्यावर हवेचा एक फुत्कार सुटतो, आबा दचकतात, आणि घरी येऊन 'मशीन खराब होतं, आवाज करत होतं' असा अहवाल देतात.

आता इतके ऐकल्यावर एक दुसरा वर्ग तयार होतो, आणि तो पहिल्याहून कमी धोकादायक नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर, डोळ्याच्या आतल्या रंगीत पडद्याला सूज आल्यावर किंवा पारदर्शक पटलाचे रोपण केल्यावर हेच थेंब डोळा वाचवतात, आणि ते वेळच्या वेळी, ठरल्या संख्येने घालून हळूहळू उतरवावे लागतात; एकदम थांबवले तर दबलेला दाह दुप्पट त्वेषाने उसळू शकतो. म्हणून डॉक्टर कागदावर पहिला आठवडा सहा वेळा, दुसरा पाच, तिसरा चार अशी उतरंड लिहून देतात. ही उतरंड घरात पोहोचली की तिचे भाष्यकार निघतात. एक पंथ म्हणतो की सहा वेळा म्हणजे सहा थेंब, ते सकाळी एकदमच घालून दिवस मोकळा करावा. दुसरा पंथ आठवडा सोमवारी सुरू होतो की शस्त्रक्रियेच्या वारापासून, यावर अडतो. तिसरा पंथ, म्हणजे शेजारचे काका, बाटली प्रकाशाकडे धरून पाहतात आणि 'यात स्टिरॉइड आहे, आजच बंद करा' असा आदेश देऊन निघून जातात. ज्या काकांनी गेल्या वर्षी स्वतःच्या नातवाच्या डोळ्यात हेच औषध अख्खा उन्हाळा घातले, तेच हे काका असतात. चिठ्ठीशिवाय सुरू करणारे आणि चिठ्ठी असताना बंद करणारे लोक पुष्कळदा एकाच गल्लीत राहतात, आणि एकमेकांच्या बाटल्या अदलाबदल करतात.

प्रेडनिसोलोन अॅसिटेटच्या दुधाळ थेंबांचे आणखी एक प्रकरण आहे. हे औषध पाण्यात विरघळलेले नसून तरंगत असते, म्हणून बाटली दर वेळी नीट हलवावी लागते. जी बाटली देवघरातल्या निरांजनाप्रमाणे अदबीने, न हलवता उचलली जाते, तिच्यातून सुरुवातीला बहुतांश पाणी येते आणि तळाशी औषध दाटत राहते. रुग्ण पहिले काही दिवस 'गुण नाही' म्हणून डॉक्टरांवर रुसतो, आणि शेवटच्या थेंबांत साचलेला सगळा गुण एकदम येतो.

थेंब घालण्याची क्रिया वर्णनात अतिशय सोपी आहे. हात साबणाने धुवावेत, मान मागे टाकावी, खालची पापणी बोटाने ओढून खोबण करावी, नजर वर न्यावी, बाटलीचे टोक पापणीला न लावता एकच थेंब सोडावा, डोळा हलकेच मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटे दाबावा, म्हणजे औषध घशाच्या वाटेला फारसे लागत नाही. दुसरा थेंब घालायचा असेल तर पाच मिनिटे थांबावे आणि मलम असल्यास ते शेवटी लावावे. या शास्त्राचे व्यवहारात रूपांतर होते तेव्हा रुग्ण खाटेवर आडवा असतो, नातू त्याच्या छातीवर बसलेला असतो, सून बाटली नेम धरून वीतभर उंचीवर तोलत असते, आणि रुग्ण निर्णायक क्षणी डोळा इतक्या ताकदीने मिटतो की थेंब कपाळावर, भुवईवर किंवा मिशीत पडतो. पहिला चुकला म्हणून दुसरा, दुसरा कितपत गेला कळले नाही म्हणून तिसरा. एका थेंबात साधारण ३० ते ५० मायक्रोलिटर द्रव असतो आणि पापणीमागची खोबण फार तर ३० मायक्रोलिटर धरते. म्हणजे दुसरा थेंब मुळात गालासाठीच असतो, पण गाल ओला झाल्यावाचून घरच्यांना औषध लागू पडल्याचे समाधान मिळत नाही. हात धुण्याचा उद्देश पुस्तकांत जंतू असा लिहिलेला असतो, पण भरिताच्या हंगामात हिरव्या मिरचीचा ठेचा कुटून उठलेल्या हाताने ज्याची पापणी ओढली गेली आहे, त्याला जंतूंचे काही वाटेनासे होते.

बाटली ठेवण्याच्या जागांबद्दल स्वतंत्र ग्रंथ होईल. लेबलावर २५ किंवा ३० अंशांखाली आणि उजेडापासून दूर ठेवण्यास सांगितलेले असते. बाटली असते ती फ्रिजवर, म्हणजे फ्रिजच्या गरम माथ्यावर, किंवा पश्चिमेच्या खिडकीत, किंवा दुचाकीच्या डिकीत टायरपंक्चरच्या सामानाबरोबर. शेजारी कानाच्या थेंबांची आणि झटपट चिकटवणाऱ्या डिंकाची तेवढ्याच उंचीची नळी असते, आणि अंधारात या तिघांची ओळख पटवण्याचे काम वीज गेल्यावरच करायचे, असा रिवाज आहे. उघडल्यावर महिन्याभरात बाटली टाकून द्यावी, हे सांगणारा डॉक्टर घराला उधळ्या वाटतो, कारण पाच मिलिलिटरमध्ये निदान शंभर थेंब निघतात आणि त्यातले निम्मे अजून आत खळखळत असतात. अशा बाटलीला वाड्यावरून गोठ्यात बदली मिळते. बैलाचा डोळा काडी लागून लाल झाला, पोळा आठ दिवसांवर आला आणि उरलेले औषध कामी आले, असा तिहेरी योग साधून शेतकरी दोन दिवस थेंब घालतो, आणि डोळ्यावर पांढरी साय धरल्यावर जनावरांच्या डॉक्टरांना बोलावतो.

'काय घातलं होतं?'

'हाऊ ड्रॉप. पिशवीत आनेल शे.'

डॉक्टर बाटली उजेडाकडे धरतात, दोन्ही नावे वाचतात, आणि काडी लागलेल्या डोळ्यात हे औषध बैलालाही चालत नाही असे सांगून विचारतात, 'कोणाच्या नावावर आणला होता?'

'आबाना. दोन वरीस व्हई गयात, रोज टाकस तो. बिचारानी सोतानामाईन काढी दिन्हा.'

डॉक्टर बैलासाठी नवे औषध लिहितात, कागद उलटा करतात, आणि मागच्या बाजूला आबांसाठी धुळ्याच्या नेत्रतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी लिहून देतात.

'दोन चिठ्ठ्यास्ना पैसा लागतीन का, डॉक्टरसाहेब?'